आबदारमामा बसत नसत

चैत्र सरत आला आणि कुणाच्या अंगणात संध्याकाळच्या खुर्च्या मांडलेल्या दिसल्या, की मला अजून सुभानराव आबदारांचा राग येतो. माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी कुंभकोणम् सोडून पुण्यात स्थायिक झालो, त्यालाही जमाना लोटला. राग मात्र काही शिळा होत नाही. सख्ख्या मामांनी दिला नसेल इतका ताप या मानलेल्या मामांनी मला दिला.

आमची घरं कावेरीच्या घाटाजवळ एका भिंतीला लागून होती. मी तिथल्या कॉलेजात गणित शिकवत असे आणि सुभानराव काहीच करत नसत. पापनाशम्‌कडे त्यांची थोडी भातशेती होती, ती कुळं बघत. मामांच्या अंगावर काम म्हणाल तर एकच होतं, आणि ते वर्षातून दोन-तीन महिनेच असे. उन्हाळ्यात कावेरीच्या कोरड्या पात्रात गोऱ्या साहेबांना बोलावून त्यांना बियर पाजणे.

यामागची हकिकत सांगायला हवी. तंजावरच्या राजवाड्यात राजाच्या पिण्याच्या पाण्यासाठी एक वेगळं खातं असे, त्याला आबदारखाना म्हणत. राजाला पाणी, सरबत, जे काही लागेल ते थंड करून, चाखून, मगच हातात द्यायचं काम आबदाराचं. मामांचे आजोबा शेवटच्या राजाचे आबदार. राजाच्या बैठकीमागे ते जन्मभर उभे राहिले. संस्थान खालसा झालं, तरी मामांचे वडील राजवाड्यात उरलेल्या राण्यांच्या पडद्याबाहेर सुरई घेऊन उभेच. मामांच्या वाट्याला उभं राहायलाही कुणी उरलं नाही. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं की आपल्या घराण्यातल्या कुणीतरी एकदा राज्यकर्त्यांसमोर खुर्चीवर बसायचं. आता राज्यकर्ते साहेब, आणि साहेबांच्या खुर्च्या गावाबाहेरच्या क्लबात. त्या क्लबात एक-दोन देशी वकिलांना नुकतंच सभासद करून घेतलं होतं, म्हणजे गोष्ट अशक्य नव्हती. मामांना आयुष्यात दुसरं काही नको होतं.

आणि ते मिळवण्यासाठी या गृहस्थांनी काय करावं? तर साहेबांना घरी बोलावून त्यांच्यामागे उभं राहावं!

“मामा, तुम्ही यजमान. तुम्ही पहिल्यांदा बसा, म्हणजे त्यांना कळेल तुम्ही कोण ते,” असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं.

“पाहुण्यांचे पेले भरले नाहींत तंवर आबदारानें बसावें? ऐसें कोठें असतें काय?” ते म्हणत. आमच्या तिकडच्या मराठीला देशावरचे लोक हसतात, पण मामांच्या तोंडी ती भारदस्त वाटायची. वाद घालणाऱ्याची पंचाईत व्हायची ती त्यामुळेच.

उंच, ताठ माणूस. पांढऱ्या मिशा, डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर धुवट पंचा. कुठलंही भांडं दिसलं की त्याला पालथा हात लावून ते किती निवलंय हे बघायची त्यांना खोड होती. लोकांच्या घरी जेवायला गेले तरी पानावर बसण्याआधी माठाला हात. एकदा गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या मयताला आम्ही गेलो होतो. घरात रडारड चाललेली, आणि मामा दाराशी ठेवलेल्या घागरीला पालथा हात लावून माझ्या कानात म्हणाले, “कोंबट आहे.” मी त्यांना कोपरानं ढोसलं. “घाई नाहीं, जिन्नस निवूं द्या,” हे त्यांचं पालुपद. हे वाक्य ते स्वयंपाकघरात म्हणत, पोस्टात म्हणत, आगगाडी शिट्टी देत असताना फलाटावरही म्हणत.

पार्टीच्या दिवशी दुपारपासून माझा जीव खाल्ला जाई, कारण मामांना इंग्रजी यायचं नाही आणि दुभाष्याचं काम माझ्याकडे. मी स्वतः बियरच्या थेंबाला कधी शिवलो नाही, पण तिच्या जातींबद्दल जेवढं ऐकलं तेवढं एखाद्या पिणाऱ्यानंही ऐकलं नसेल. मद्रासहून गवताच्या टोप्या घातलेल्या बाटल्यांच्या पेट्या रेल्वेनं येत. मामा प्रत्येक जातीतला घोटभर तळहातावर घेऊन चाखत, कारण चाखल्याशिवाय देणं त्यांच्या शास्त्रात नव्हतं. विलायती पेल एलला ते ‘फिकी’ म्हणत, स्टाउटला ‘काळी’, जर्मन लागरला ‘सोनेरी’. आल्याच्या जिंजर बियरला ‘पोरांची’ म्हणत, पण तीही ठेवत, कारण मिशनच्या डॉक्टरीणबाई तेवढीच घेत.

नदीच्या वाळूत हातभर खणलं की गार पाणी लागतं. तिथे मामा प्रत्येक जातीचा वेगळा खड्डा करत. काळी वरच्या ओलीत, कारण ती फार गार झाली तर मुकी होते. फिकी त्याहून खोल. सोनेरी मात्र वाळूतून काढून परत सोऱ्याच्या पाण्यात फिरवायची. घंगाळात पाणी, पाण्यात सोरा, म्हणजे दारूगोळ्यात नि खतात घालतात तो खार, विरघळवायचा, की पाणी गार पडतं, आणि बाटली मानेला धरून हळूहळू फिरवत राहायची. ही विद्या आजोबांची. बाटलीवर बारीक दव धरलं की मामा डोळे मिटून घेत. तो क्षण खरोखर बघण्यासारखा असायचा, हे मी रागातही नाकारत नाही. बाहेर दिवसभराची वाळू अजून धगधगतेय, वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारलंय, पलीकडच्या नारळांमागे सूर्य उतरलाय, आणि तापलेला सबकलेक्टर पहिला घोट घेऊन नुसता “आऽ” करतोय.

इथेच थांबले असते तर सभासद झाले असते. पण मामांचे नियम होते. कुणी काय प्यायचं हे पाहुण्यानं ठरवायचं नाही, ते त्याच्या हुद्द्यावरून ठरायचं. सबकलेक्टर मुख्य, म्हणून त्यांना सोनेरी. पोलीससाहेब आणि कालव्यांचे इंजिनियर यांना फिकी. आमचे प्रिन्सिपॉल वयानं मोठे, म्हणून त्यांना काळी. बिचाऱ्या प्रिन्सिपॉलसाहेबांना काळी सोसत नसे. पोलीससाहेबाचा जीव मात्र काळीवर होता. एकदा त्या दोघांनी गुपचूप पेले बदलले. मामांनी ते पाहिलं. त्यांनी दोन्ही पेले उचलले, धुतले, पुसले, आणि ज्याची त्याला परत नवी भरून दिली. पोलीससाहेबानं माझ्याकडे बघितलं. मी नारळांकडे बघितलं.

आणि फेस! बियरवर फेस यावा म्हणून साहेब लोक जिवाचा आटापिटा करतात. मामांच्या लेखी फेस म्हणजे ओतणाऱ्याचा हलगर्जीपणा. पेला तिरपा धरून ते इतकं हळू ओतत की बघणाऱ्याला जांभई यावी, आणि तरीही फेस आलाच तर चांदीच्या चमच्यानं तो काढून टाकत. प्रिन्सिपॉलसाहेबांनी एकदा माझ्यामार्फत समजावून सांगितलं की आमच्या देशात फेसाशिवाय बियर देणं हा अपमान समजतात.

“त्यांस सांग,” मामा म्हणाले, “तुमच्या मुलखांत थंडी बहुत, फेंस पांघरावयास लागत असेल. येथें नको, वेंडाम.”

मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. खरं भाषांतर केलं नाही एवढं नक्की.

बर्फाची तर वेगळीच कथा. एका सबकलेक्टरानं मामांना मदत म्हणून स्टेशनवरून भुश्यात गुंडाळलेली बर्फाची लादी आणवली. मामांनी हात जोडून ती घेतली, टेबलाखाली ठेवली आणि माझ्याकरवी सांगितलं की साहेबानं बूट काढून पाय तिच्यावर ठेवावेत. बर्फ बाहेरच्या कातडीपुरता, पोटात जाणारा जिन्नस सोऱ्यानंच निवावा. सगळ्यांना वाटलं विनोद केला. मामांनी आयुष्यात विनोद केला नव्हता. शेवटी सबकलेक्टरानं खरंच मोजे काढले, आणि मग म्हणे त्याला ते इतकं आवडलं की बदली होईपर्यंत तो तसाच बसे.

पण सगळ्यात मोठा तमाशा झाला तो पाणी आलं त्या दिवशी. उन्हाळा संपता संपता वरच्या मुलखातलं पहिलं पाणी कावेरीत उतरतं. ते लोंढ्यानं येत नाही. कोरडी वाळू पीत पीत, काडीकचरा पुढे ढकलत सरपटत येतं. मी मामांना म्हटलं होतं, या आठवड्यात पार्टी नको. पण त्या वेळी क्लबातल्या सभासदांची निवड जवळ आलेली, म्हणून त्यांनी हट्टानं बोलावणी केली. पहिली फेरी भरायची, तेवढ्यात वरच्या घाटावर बायकांची गडबड ऐकू आली आणि वळणावर पाण्याची जीभ दिसली.

साहेब उठायला लागले. मी म्हटलं, “मामा, निदान पेले तरी भरा, म्हणजे वर जाऊन पितील.”

मामांनी हातातली बाटली खाली ठेवली. “आतां कोणासही नाहीं. ती आली. तिचा मान पहिला.”

आणि हा माणूस पाहुण्यांना तिथेच टाकून घराकडे चालू लागला! हळद, कुंकू, काळे मणी, ताडपत्राची कर्णफुलं असं तिकडच्या रीतीप्रमाणे नदीला द्यायचं सगळं ताटात घेऊन तो सावकाश परत आला. तोवर सबकलेक्टर, पोलीससाहेब, इंजिनियर असे ब्रिटिश सरकारचे यच्चयावत अधिकारी घोट्याएवढ्या पाण्यात रिकामे पेले घेऊन उभे. मामांनी नदीची पूजा केली. कर्णफुलं सोडली. मग वळले आणि सबकलेक्टरापासून क्रमानं ओतायला लागले. तोपर्यंत खड्डे बुडाले होते, गवताच्या टोप्या तरंगत चालल्या होत्या, आणि काळी तर पार वाहून गेली, त्यामुळे प्रिन्सिपॉलसाहेबांना त्या दिवशी प्रथमच फिकी मिळाली. ते फार खूश होते.

आश्चर्य म्हणजे साहेबांना याचा राग आला नाही. क्लबात ही गोष्ट मिठमसाला लावून सांगितली गेली. प्रिन्सिपॉलसाहेब मला एके दिवशी म्हणाले, “त्या तुमच्या रावांना या शनिवारी क्लबात घेऊन या. कमिटीचे लोक असतील. आमच्यात बसू दे, दोन शब्द बोलू दे. मी नाव सुचवतो. काही अडचण येईल असं वाटत नाही.”

मी धावतच मामांकडे गेलो. मामी, म्हणजे काशीबाई, ओसरीवर डाळ निवडत होत्या. या सगळ्या प्रकरणात बोलणी खाल्ली ती मी, पण सोसलं ते मामींनी. गेली किती वर्षं त्यांचा उन्हाळा बाटल्या धुण्यात आणि वाळ्याचे पडदे शिवण्यात जात होता. थोरली लेक बाळंतपणाला आली तेव्हा तिच्यासाठी तिरुक्करुगावूरच्या देवीला जायचं होतं, तेही पार्टीपायी दोनदा राहिलं. माझा निरोप ऐकून त्यांनी डाळीचं सूप खाली ठेवलं.

“खरेंच बसवणार काय यांस?” त्यांनी विचारलं. “मग एकदां बसूं देत बापडे. सुटूं आम्ही सगळे.”

मामांचे डोळे भरून आले होते, आणि ते दिसू नये म्हणून ते माठाला हात लावायला आत गेले.

चार दिवस मी त्यांची तालीम घेतली. ओसरीवर खुर्ची मांडली. “मामा, काही करायचं नाही. फक्त बसायचं. कुणी पेला दिला तर घ्यायचा. बाकी सगळं माझ्यावर सोडा.” ते बसत. मी पेला घेऊन आलो की उठत. मी ओरडत असे. ते “शरी, शरी” म्हणून परत बसत, आणि मामी स्वयंपाकघरातून भांडं घेऊन निघाल्या की पुन्हा अर्धे उठत. शेवटच्या दिवशी मात्र मामींनी पाणी आणून दिलं आणि त्यांनी ते बसल्या बसल्या प्यायलं. मामींनी पदर तोंडाला लावला. मलाही वाटलं, जमलं.

शनिवारी आम्ही क्लबात गेलो. हिरवळीवर कापडी खुर्च्या मांडल्या होत्या. प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः पुढे आले, त्यांनी मामांचा हात धरून कमिटीच्या लोकांपर्यंत नेलं आणि आपल्या शेजारची खुर्ची ओढली. मामांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बसा. बसा हो मामा. देवाशप्पथ, आता बसा.

त्या दिवशी गाडी उशिरा आली होती, त्यामुळे क्लबात बर्फ नव्हता. बाटल्या दुपारभर कठड्यावर उन्हात पडलेल्या. क्लबाच्या बटलरनं त्यातली एक सोनेरी उचलली आणि सबकलेक्टरासमोर नेली. मामांचा हात खुर्चीवरून निघाला. बटलर शेजारून जाताना त्यांनी बाटलीला पालथा हात लावला.

“ऐयो,” ते म्हणाले.

मी त्यांची बाही धरली. खरंच धरली, अंगरख्याची शिवण उसवली इतकी घट्ट. त्यांनी ती हळूच सोडवून घेतली, खांद्यावरचा पंचा कमरेला बांधला आणि बटलरच्या हातातून बाटली काढून घेतली. मग विहिरीचं पाणी आलं, ओली पोती आली, माळ्याकडून सोरा आला. “घाई नाहीं,” मामा सबकलेक्टराला तमिळमध्ये सांगत होते, “निवूं द्या.” अंधार पडेपर्यंत ते हिरवळीवरून फिरत होते. हुद्द्याप्रमाणे जिन्नस, फेसाशिवाय. सगळे खूश. प्रिन्सिपॉलसाहेब एकदा रिकाम्या खुर्चीकडे बघत आणि एकदा माझ्याकडे. शेवटी त्यांनी ती खुर्ची डॉक्टरीणबाईंना दिली.

घरी येताना मी रस्त्यात उभा राहून ओरडलो. वयाचा मान ठेवला नाही. “अहो, खुर्ची ओढली होती तुमच्यासाठी! तुम्हाला दिसली नाही का?”

“दिसली तर,” मामा म्हणाले. “परंतु बाटली ऊन होती रे. दोरैसाहेब पिणार होता. मजला ठाऊक असतां मी कैसा बसूं?”

मी कपाळावर हात मारून घेतला.

सोमवारी क्लबाचा शिपाई निरोप घेऊन आला. कमिटीनं रावांचं फार कौतुक केलं आहे. त्यांनी दर शनिवारी येऊन बाटल्यांची व्यवस्था बघावी, बटलर त्यांच्या हाताखाली राहील. सभासदत्वाबद्दल एक अक्षर नव्हतं. तेही मी मामांना सांगून टाकलं. मामांनी शांतपणे ऐकलं आणि शिपायाला सांगितलं की आबदार राजाचा असतो, क्लबाचा नव्हे. मला मोठा अभिमान वाटला. पण संध्याकाळी बघतो तर त्याच शिपायाच्या डोक्यावर आजोबांचं सोऱ्याचं घंगाळ! ते क्लबाला देऊन टाकलं होतं, वर बटलरला वापरायचं कसं तेही शिकवलं होतं. “अजून उकाडा आहे,” मामा म्हणाले, “लोक ऊन पितील.” मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मामी तर आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि मग लेकीला घेऊन तिरुक्करुगावूरला जाऊन आल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मला पुण्याला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला मी शेजारी गेलो तर घराला कडी. घाटावर आलो. खाली वाळूत, नेहमीच्या जागी, वाळ्याचा एक पडदा लावलेला. साहेब नव्हते, पेट्या नव्हत्या. एकच खुर्ची होती आणि तिच्यावर मामी बसल्या होत्या. पाय वर घेऊ का खाली ठेवू हे न कळून अवघडलेल्या, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. त्यांच्या मागे मामा उभे. ताठ, खांद्यावर पंचा, हातात ‘पोरांची’, म्हणजे आल्याची बाटली. पेला तिरपा धरून ते हळूहळू ओतत होते.

“पुरें करा हो!” मामी म्हणत होत्या. “घाटावर लोक पाहतात. लाज वाटते मजला.”

“पाहूं देत. आमच्या घराण्यांतलें कोणी तरी बसलें, ऐसें पाहूं देत.”

मामींनी वर बघितलं, आणि त्यांची कुरकुर थांबली. त्यांनी पाय खाली सोडले, पाठ खुर्चीला टेकली, हात पुढे करून पेला घेतला आणि एक घोट घेतला. नाक मुरडलं. तरी दुसरा घेतला.

मी पायरीवरच थांबलो, तसं मामांचं माझ्याकडे लक्ष गेलं. जवळ ये म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी नुसता हात वर करून मला तिथेच अडवलं.

“थांब तेथेंच,” ते म्हणाले. “वाळू उडेल. त्या पीत आहेत.”